मशीन नागपुरात, कान वस्तीत

आमच्या वस्तीत एक चिमुरडी आहे. नाव लिहीत नाही, कारण हा अंक तिच्याही घरी जातो. दोन वर्षांची झाली तरी ती बोलेना, तेव्हा तिच्या आजीने आपल्याकडे घरोघरी होते तीच तपासणी केली. पोरीच्या मागे उभे राहून स्टीलची थाळी वाजवली. पोरीने वळून पाहिले. "आयकते ना बाई," आजी मला म्हणाली, "थाळी वाजवली का पाह्यते. तिचा बाप बी उशिराच बोलला व्हता." मी तीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केलेली बाई, पण त्या दिवशी मीसुद्धा मान डोलावली. त्याची लाज मला आजही वाटते. पोरीला थाळी ऐकू येतच नव्हती. आजीचा हात वर गेला की समोरच्या भिंतीवर सावली हलत होती आणि पोर सावलीमुळे वळत होती.

पुढे अंगणवाडीच्या ताईने हट्ट धरला म्हणून तिची बेरा तपासणी झाली. त्यात बाळाला झोपवतात, कपाळाला आणि कानामागे छोट्या चकत्या चिकटवतात, कानात टिकटिक आवाज सोडतात आणि तो आवाज मेंदूपर्यंत पोहोचला की नाही ते संगणकाच्या पडद्यावर पाहतात. बाळाने वळायची, मान हलवायची गरजच नाही, त्यामुळे सावलीचा घोटाळा होत नाही. दोन्ही कान जवळजवळ पूर्ण बंद निघाले. तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. उत्पन्नाचा दाखला, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, आधारमधली जन्मतारीख आणि दवाखान्यातली जन्मतारीख यांचा मेळ घालता घालता पाच वर्षे उलटली.

पाच वर्षांना एवढे महत्त्व का, ते नीट समजून घेऊ. आतल्या कानात शंखासारखी वळणदार नळी असते. तिच्यात केसांसारख्या बारीक पेशी असतात. त्या आवाजाचे विजेच्या इशाऱ्यात रूपांतर करतात आणि तो इशारा नसेतून मेंदूकडे जातो. या पेशी जन्मतःच नसल्या किंवा मेल्या, तर आवाज कितीही मोठा केला तरी उपयोग नाही. साधे श्रवणयंत्र आवाज फक्त मोठा करते. कॉक्लियर इम्प्लांट वेगळे आहे. त्याचा बाहेरचा भाग कानामागे बसतो, आवाज पकडतो आणि कवटीवर चुंबकाने चिकटलेल्या चकतीतून आत पाठवतो. आतला भाग शस्त्रक्रियेने बसवलेला असतो आणि त्याची केसाएवढी तार शंखात सरकवलेली असते. ही तार मेलेल्या पेशींना वगळून थेट नसेला इशारा देते.

हे यंत्र घडवणाऱ्यांपैकी एक, ऑस्ट्रेलियाचे डॉ. ग्रॅमी क्लार्क. त्यांचे वडील औषधाचे दुकान चालवायचे आणि त्यांना ऐकू कमी यायचे. गिऱ्हाईक काय मागते ते त्यांना मोठ्याने पुन्हा विचारावे लागे, आणि त्या पोराला ते बोचे. शंखाच्या वळणात तार मोडू न देता कशी सरकवायची हे कोडे त्यांना समुद्रकिनाऱ्यावर शिंपल्याच्या शंखात गवताची काडी घालून पाहताना सुटले. १९७८ साली मेलबर्नमध्ये त्यांनी अनेक तारांचे पहिले यंत्र बसवले. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या डॉ. मिलिंद कीर्तने यांनी हे काम रुजवले. त्यासाठी २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

यंत्राची किंमत लाखांत. कापूस वेचणाऱ्या किंवा हमाली करणाऱ्या घराने स्वप्नातही पाहू नये अशी. पण केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून ते गरीब मुलांना मोफत मिळते आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्याचे काम पाहते. म्हणजे पैशाचा दरवाजा निदान थोडा तरी उघडला आहे. बंद होतो तो वयाचा दरवाजा. जन्मतः बहिऱ्या मुलासाठी योजनेची मर्यादा पाच वर्षांची. ही मर्यादा कारकुनाने मनाने घातलेली नाही. मेंदूतली आवाजाची जागा पहिल्या काही वर्षांत आवाज मिळाला तरच भाषेसाठी तयार होते. नाही मिळाला तर ती जागा दुसऱ्या कामाला लागते. खरे तर एक-दोन वर्षांचे असतानाच यंत्र बसणे सर्वांत चांगले.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. कान-नाक-घशाच्या वैद्यकात नवे काय आले याच्या बातम्या आपण वाचतो, मोबाईलवर व्हिडिओ पाहतो आणि वाटते की आता सगळे बरे होणार. यंत्र मात्र वाट पाहत नाही. श्रीमंताच्या बाळाची तपासणी जन्मल्या दवाखान्यात, तिसऱ्या दिवशी होते. आपल्या बाळाची साडेचार वर्षांनी. यंत्र दोघांसाठी एकच आहे आणि योजना तर खास आपल्यासाठीच आहे, तरी मधल्या साडेचार वर्षांत दोघांची आयुष्ये दोन वाटांनी गेलेली असतात.

डॉक्टर मंडळी एक-तीन-सहा असा हिशेब सांगतात. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत पक्के निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. पहिली तपासणी ओएई नावाची, झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडी ठेवून काही मिनिटांत होते. सुई नाही, रक्त नाही. भारतातच तयार झालेले 'सोहम' नावाचे नवजात बाळांसाठीचे यंत्र २०१७ मध्ये आले, तेही याच कामासाठी. बाळंतीण घरी येण्याआधी तिच्या नवऱ्याने किंवा सासूने नर्सबाईला एवढेच विचारायचे, "बाळाचे कान तपासले का? नाही तर कुठे होईल?" यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे, तिथून सुरुवात करता येते. ज्या बाळाचे वजन फार कमी होते, ज्याला जन्मल्यावर कडक कावीळ झाली, जे पेटीत ठेवले होते, किंवा ज्याच्या घरात आधी कोणी जन्मतः बहिरे आहे, त्याच्या बाबतीत तर टाळाटाळ नकोच. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न झालेले असेल तरीही. हे लिहिताना काही जणांना राग येईल हे मला ठाऊक आहे. पण जवळच्या नात्यात लग्न झाले की दोघांकडे दडलेला एकच दोष बाळात एकत्र येण्याची शक्यता वाढते, आणि जन्मजात बहिरेपणाचे ते एक मोठे कारण आहे.

२०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची गाडी डॉक्टर, नर्स आणि औषध देणाऱ्याला घेऊन वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. तपासायच्या तीस आजारांत बहिरेपणा आहे. पण गाडी येते तो दिवस वेचणीचा असला की आई शेतात आणि पोर तिच्यासोबत. आमच्या त्या चिमुरडीचे दोनदा असेच झाले. दोष आईचा म्हणू का? तिची त्या दिवसाची मजुरी कोण देणार होते? गाडीची तारीख विहाराच्या फळ्यावर आठवडाभर आधी लागली असती, तर आजीने तरी पोरीला नेले असते. विहारात फळा आहे. त्यावर वर्गणीचा हिशेब असतो.

आणि शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम झाले असेही नाही. यंत्र चालू केल्यावर पोराला जे ऐकू येते तो आपला आवाज नसतो, नुसती खरखर असते. त्यातून 'आई', 'पाणी', 'ये' हे शब्द ओळखायला महिनोन्महिने, वर्षभर, त्याहूनही जास्त शिकवावे लागते. शिकवणारा वाचातज्ज्ञ शहरात. घाटंजीहून, उमरखेडहून, झरी-जामणीहून आठवड्याला एसटीने जायचे म्हणजे तिकीट आणि बुडालेला रोज. पुढे यंत्राची वायर तुटते, चकती हरवते, हमीची मुदत संपते. तेव्हा ज्यांनी फोटो काढले ते सापडत नाहीत. सरकारने यंत्राला लाखो दिले, तसे वायरीला आणि एसटीच्या पासलाही द्यावे. मागायचेच तर हे मागा. मोर्चाच्या निवेदनात कलम म्हणून घाला.

शिबिरांबद्दल माझे मत कडू आहे, त्याला घरचे कारण आहे. माझ्या आईला एका शिबिरात श्रवणयंत्र मिळाले. हार, भाषण, फोटो सगळे झाले. घरी आल्यावर ते नुसते शिट्टी मारायचे. आताचे डिजिटल यंत्र ज्याच्या त्याच्या कानाच्या तपासणीप्रमाणे संगणकाला जोडून बसवावे लागते आणि कानाच्या मापाचा साचा घ्यावा लागतो. ते केलेच नव्हते. शंभर म्हाताऱ्यांना एकाच मापाचे शंभर डबे वाटले होते. आईने ते पत्र्याच्या पेटीत लुगड्याखाली ठेवले आणि मरेपर्यंत काढले नाही. "मले काय आयकाचं आता," म्हणायची. तुमच्या घरी असे पेटीतले यंत्र असेल तर फेकू नका. शासकीय रुग्णालयातल्या श्रवणतज्ज्ञाकडे न्या, पुन्हा जुळवून मागा, साचा घेऊन मागा. सेल बारीक बटणासारखे असतात आणि आठ-पंधरा दिवसांत संपतात. ते लहान मुलाच्या हाती लागू देऊ नका. गिळले तर अन्ननलिका जळते.

वाहणाऱ्या कानाचे बोलू, कारण आपल्या वस्तीत तो फार. पावसाळ्यात तर प्रत्येक गल्लीत एखाद्या पोराच्या कानात कापसाचा बोळा दिसतो. लसणीचे कोमट तेल, शेजारणीने दिलेले थेंब, बसस्टँडवर कान कोरणारा, आणि आता ऑनलाईन मागवलेला कॅमेऱ्याचा चमचा. मोबाईलवर कानाचा आतला भाग पाहत पाहत कोरायचे. तो चमचा पडद्याला भोक पाडू शकतो, आणि भोक पडलेल्या कानात तेल म्हणजे आगीत तूप. डॉक्टरकडची दुर्बीण वेगळी. तीन-चार मिलिमीटर जाडीची, टोकाला उजेड असलेली ही नळी कानाच्या वाटेनेच आत जाते आणि पडद्याच्या मागचे कोपरेही मोठ्या स्क्रीनवर दाखवते. पूर्वी बऱ्याच शस्त्रक्रियांना कानामागे मोठा छेद घ्यावा लागे. आता पुष्कळ जणांचा फाटलेला पडदा त्याच नळीने, रुग्णाच्याच कानातल्या कुर्चेचा तुकडा लावून दुरुस्त होतो. मला हा बदल रोबोटपेक्षा मोठा वाटतो. कारण दुर्बीण आणि स्क्रीन जिल्ह्याच्या ठिकाणीही ठेवता येते.

वाहणाऱ्या कानाचा एक प्रकार मात्र घातक असतो. पाणी थोडे, पण वास कुजका. आत कातडीची पिशवी वाढते आणि हाड खाते. चेहरा वाकडा होऊ शकतो, चक्कर येते, पू मेंदूपर्यंत जाऊ शकतो. कोलेस्टिएटोमा म्हणतात त्याला. वासाचा कान म्हणजे उशीर नको, एवढे लक्षात ठेवा. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राची खिडकी असते. आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का आणि कोणत्या रुग्णालयात, हे आधी तिथे विचारा, मगच पैसे भरा.

घशाचे लिहायचे म्हणजे खर्र्याचे लिहायचे. विदर्भाबाहेरच्या वाचकाला खर्रा समजावून सांगावा लागतो, आपल्याला नाही. पानठेल्यावर पन्नीत घासून मिळणारी ती सुपारी, तंबाखू आणि चुना. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली. खर्रा चालूच राहिला. पुष्कळ पोरे म्हणतात, मी बिनतंबाखूचा खातो. सुपारी एकटीसुद्धा कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले आहे. सुपारीने तोंडाची आतली कातडी ताठ होते, तिखट झोंबते आणि तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी करून दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील तर डॉक्टरकडे जा, पानठेल्यावर नाही.

इथेही नवी साधने पुष्कळ. नाकातून जाणारी लवचिक दुर्बीण स्वरयंत्र दाखवते, खास रंगाचा उजेड गाठीतल्या बारीक रक्तवाहिन्या उठून दाखवतो, मोठ्या रुग्णालयात रोबोटचा हात जिभेच्या मुळाशी पोहोचतो. असू द्या. पण केरळात तिरुवनंतपुरमजवळ १९९६ पासून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसते डोळ्यांनी लोकांचे तोंड तपासले. २००५ मध्ये निकाल आला: तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास एकतृतीयांशाने कमी झाले. साधन काय होते? उजेड आणि शिकलेली नजर. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवडे न भरणारा व्रण, बसलेला आवाज, मानेत गाठ. आशाताईंना हे शिकवता येते, आणि आपल्या महिला मंडळालाही.

स्वरयंत्र काढावे लागलेल्या माणसाची गोष्ट मला फार लागते. तो श्वास गळ्यातल्या छिद्रातून घेतो आणि बोलू शकत नाही. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक छोटी झडप बसवली की छिद्रावर बोट ठेवून तो पुन्हा बोलू लागतो. ही परदेशी झडप हजारो रुपयांची आणि काही महिन्यांनी बदलावी लागणारी. बंगळुरूचे कॅन्सरतज्ज्ञ डॉ. विशाल राव यांनी 'ओम' नावाची झडप सुमारे पन्नास रुपयांत तयार करून दाखवली. तंत्रज्ञान महागच असते असे जे आपल्याला ऐकवले जाते, त्यावर ही पन्नास रुपयांची झडप मी नेहमी समोर ठेवते. कोणासाठी तयार करायचे हे कोणी ठरवले, यावर किंमत ठरते.

आता जे लिहिणार आहे त्यावर संपादकांना पत्रे येतील. १४ एप्रिलच्या मिरवणुकीतला डीजे. मी पाटीपुऱ्यात उभी राहून पाहिले आहे, बापाच्या खांद्यावर आठ महिन्यांचे बाळ निळा फेटा बांधून, आणि दहा हातांवर स्पीकरची भिंत. खिडक्यांची तावदाने थरथरत होती. आतल्या कानातल्या ज्या केसपेशींबद्दल वर लिहिले, त्या प्रत्येक कानात पंधरा-सोळा हजार असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कोणतेही यंत्र, कोणतीही गोळी त्या परत आणत नाही. चीनमध्ये सहा बहिऱ्या मुलांच्या कानात जनुक सोडण्याचा उपचार झाला आणि २०२४ मध्ये त्यातल्या पाच जणांना ऐकू येऊ लागल्याचे प्रसिद्ध झाले. पण तो एका विशिष्ट जन्मजात दोषावर आहे, डीजेने मेलेल्या पेशींवर नाही.

कामगारांसाठीचा हिशेब असा: ८५ डेसिबल आवाजात आठ तास चालतील, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. डीजेची भिंत १०० सहज ओलांडते आणि मिरवणूक पाच-सहा तास चालते. दुसऱ्या दिवशी कानात शीळ वाजते, कान दडे बसल्यासारखे होतात, दोन दिवसांत बरे वाटते. बरे झालेले नसते. काही पेशी गेलेल्या असू शकतात.

कार्यकर्ते मला म्हणतात, "गणपतीत डीजे चालतो, दुर्गादेवीत चालतो, मग पोलिसांना आणि तुम्हाला भीमजयंतीच दिसते का?" पोलिसांबद्दल त्यांचे म्हणणे खोटे नाही. नियम आपल्यासाठी आधी आठवतात, हे मीही पाहिले आहे, आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण बाळाचे कान पोलिसांचे नाहीत. वामनदादा कर्डकांनी गावोगाव भीमगीते पोहोचवली ती स्पीकरच्या भिंतीशिवाय, आणि त्यांचा एकेक शब्द लोकांना कळत होता. आजच्या भिंतीसमोर शब्द कोणाला कळतो? मी मिरवणूक बंद करा म्हणत नाही. बाळ आणि गरोदर बाई भिंतीपासून लांब, बॅरिकेडमागे. आवाजाची पट्टी मंडळाने स्वतः ठरवावी. नाचणाऱ्या पोरांना कानातले फोमचे बोळे वाटावेत. औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळतात. वणीच्या कोळसा खाणीत आणि जिनिंगमध्ये काम करणाऱ्या आपल्या भावांनाही तेच हवेत. आवाजाने येणारा बहिरेपणा कामगार कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे, म्हणून कानाची तपासणी मालकाकडे हक्काने मागता येते.

त्या चिमुरडीचे काय झाले असे तुम्ही विचाराल. यंत्र मिळाले नाही. ती मूकबधिर विद्यालयात जाते. खुणांची भाषा शिकते आणि तिच्या आईला शिकवते. आईला जमत नाही तेव्हा डोळे वटारते. भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे, तिला व्याकरण आहे. यंत्र हुकले म्हणून त्या पोरीची हुशारी कमी झालेली नाही. फोनवर आता मराठी बोलणे लगेच अक्षरांत उमटवणारी सोय आहे. ती वाचायला शिकली की तिच्या हातात तो फोन असेल.

तिला मागच्या दिवाळीनंतर भाऊ झाला. घरात आधी एक बहिरे मूल असल्याने या वेळी कोणी थाळीवर विसंबले नाही. एकोणिसाव्या दिवशी त्याला तपासणीला नेले, मी सोबत होते. दोन्ही कान पास. कागद घेऊन आम्ही परत आलो तरी आजीने दारातच थाळी वाजवून पाहिली. मी काही बोलले नाही. बाळ दचकले आणि रडायला लागले, आणि मोठी बहीण आजीकडे बघून हाताने विचारत होती, तो का रडतो.